भागवतची कॉइल

१२ जानेवारी २०२४

कृषी केंद्रवाल्यानं डायरी दिली. दर पानाच्या खाली कोणत्या ना कोणत्या अळीचं औषध छापलेलं आहे. मी म्हणलं, बाप्पा, मले शेत नाही न वाडी नाही, मले कायले? तो म्हणे, "ठेवा हो भाऊ, काहीबाही लिहा." घरी आणली तर आशा म्हणे, "बरं झालं. तुमी घरात एवढ्या जोरानं बोलता का अख्खी गल्ली ऐकते. आता बोलू नका, लिहा."

बायको आहे का वैरी! पण लिहितोच. यंदा जे सेट बनवीन त्याची हकिगत इथं राहील. लाकूड कोणतं, तार कोणती, कोणाच्या घरी गेला.

मी कारभारी. वडनेर भोलजीले हायवेच्या कडेले माझं दुकान, मागं घर. अठ्ठावीस वर्षं झाली, घरात ऐकायचे सेट बनवतो. एक ॲम्प्लिफायर अन् दोन बॉक्स. मधात सात-आठ वर्षं डीजेचंही काम केलं, छातीएवढ्या बॉक्साइसमोर रोज उभा राहायचो. पोटासाठी केलं, मग सोडलं. माझ्या सेटमधले ट्रान्सफॉर्मर अन् कॉइली भागवतच्या हातच्या. भागवत आयटीआयपासूनचा दोस्त. जळालेल्या मोटारीत नवी तार भरून देणं हा त्याचा धंदा, अर्ध्या तालुक्यातल्या विहिरीवरच्या मोटारी त्याच्याकडे येतात. माझं काम तो दोस्तीत करते. शुद्ध तांब्याची तार, एक वेढा कमी नाही.

१५ जानेवारी

सोनाळ्याचे नारायणराव आले. संत्र्याचा मोठा बगिचा, माणूस हौशी. आल्या आल्या त्याइनं ॲम्प्लिफायर दोन्ही हातानं उचलून पाहिला. सगळे तेच करतात. आमच्याकडे सेट कानानं नाही घेत, हातानं घेतात. जड तो चांगला. बनवणाऱ्याइले ते माहीत आहे, मग ते आत लोखंडाची पट्टी टाकतात. एकदा तर मी एक डबा खोलला तं आत शहाबादी फरशीचा तुकडा चिकटवलेला! गिऱ्हाइकाच्या हातात ती फरशी दिली, म्हणलं, घे, उंबरठ्याले लाव.

नारायणराव म्हणे, "कारभारीभाऊ, चार हजारात नवा डबा भेटते, मोबाइलवरून वाजते. तुमचा पंधरा हजाराचा मी काऊन घ्यावा?"

मी त्याइले बॉक्सवर बोट वाजवून दाखवलं. लाकडाच्या भुशाचा बॉक्स पोकळ बोलते, माझा प्लायचा आहे, तो गप राहते. मागची वायर दाखवली, करंगळीएवढी. म्हणलं, "त्या डब्यात काही बिघडलं तं दुकानदार म्हणते फेकून द्या. माह्या सेटमधला एकन् एक पार्ट मी हातानं बदलून देतो. दहा वर्षं. कागदावर लिहून देतो."

ते हासले. एक सेट सांगितला. पसंत पडला तर भाऊ, जावई, साडू, सगळे मिळून आणखी सहा घेतील म्हणे. एका वेळी सहा सेट मी दोन हजार दहानंतर बनवले नाहीत. आशाले सांगितलं तर तिनं देवापुढं साखर ठेवली.

२ फेब्रुवारी

मधात तीन वर्षं नुसत्या दुरुस्त्याच होत्या, आता नवा सेट उभा झाला, पण पास होऊन नाही राह्यला.

माझी पासिंगची रीत एकच आहे. मले मीटर नाही लागत. गावच्या भजनी मंडळाचं एक रेकॉर्डिंग आहे, मीच केलेलं, देवळात. त्याच्या शेवटी गोविंदाबुवा टाळाचा एक ठोका देतात अन् थांबतात. तो ठोका विरत विरत जातो. मी डोळे मिटून मोजतो. अकरा आले की सेट गिऱ्हाइकाच्या घरी. दहा आले तर परत खोलायचा. अठ्ठावीस वर्षांत अकराच्या खालचा एक सेट दुकानाबाहेर गेला नाही.

आज सहा आले. सहा! ट्विटर, म्हणजे बारीक आवाजाचा छोटा स्पीकर, बदलला. सहा. अकोल्याच्या व्यापाऱ्याले फोन लावला, म्हणलं, हा काय कचरा पाठवला बे? तो काहीतरी पुटपुटला. आजकाल कोणाले धड बोलताच येत नाही. प्राचीचंही तेच. खामगावले बीएस्सी शिकते, पण तोंडातल्या तोंडात बोलते. मी दोनदा "काय?" म्हणलं की "जाऊ द्या बाबा" म्हणते. हे शिक्षण.

११ फेब्रुवारी

कपॅसिटर बदलले. महागातले आणले. सात आले, पण मले वाटते सातवा मी जबरदस्तीनं मोजला.

संध्याकाळी बाहेर बसलो होतो. यंदा नाल्याकडचे किडे ओरडतच नाहीत. एवढी औषधं मारतात शेतात, किडे तरी कुठून राहतील? आशाले म्हणलं तर ती माझ्या तोंडाकडे पाहत राहिली अन् आत निघून गेली.

२३ फेब्रुवारी

नारायणरावचा रोज फोन. शेवटी ट्विटरच्या वाटेवर जो रेझिस्टर असते तो काढून टाकला, बारीक आवाज मोकळा सोडला. मग नऊ आले. अकरा नाही, पण दिला. पहिल्यांदा अकराच्या खालचा सेट दिला. मले ते डाचून राह्यलं.

सोनाळ्याले स्वतः जाऊन बसवून दिला. त्याइच्या घरच्या सोजराबाई पाच मिनिटं बसल्या अन् पदर कानाशी धरून उठल्या. "कानात सुई टोचल्यावानी लागते हो भाऊ!" मी म्हणलं, "बाई, धमधम ऐकायची सवय लागली तुमाले. खरा आवाज असाच राहते." नारायणराव चहाच्या कपाकडेच पाहत होते.

१९ मार्च

आजचा दिवस लिहायचं मन नव्हतं, पण सुरुवात केली आहे तर लिहितो.

नारायणराव सेट गाडीत टाकून घेऊन आले. दोन्ही ट्विटर जळालेले. दुकानात चार माणसं होती, वडनेरचे तीन अन् सुलतानपूरकडून आलेले एक पाहुणे-जावई. सगळ्याइसमोर म्हणाले, "कारभारीभाऊ, नांदुऱ्यातला चार हजाराचा डबा याच्यापेक्षा बरा. तुमचं नाव ऐकून आलो होतो."

कानशिलं तापली माझी. ट्विटर मी बदलला, कपॅसिटर बदलले, लाकूड माझं, जोड माझा. न बदललेली एकच वस्तू राहिली होती, भागवतची कॉइल. अन् नेमका तेव्हाच भागवत आला, हातात नव्या कॉइली घेऊन. त्याले काय माहीत.

मी म्हणलं, "ये. तुह्यीच वाट होती. तार बदलली ना तू?"

"कायची तार?"

"वेढे कमी भरले. अन् तांबं नाई ते, वरून तांब्याचा मुलामा, आतून ॲल्युमिनियम. मले शिकवतं का?"

तो मघापर्यंत हासत होता. त्याले वाटलं मी मस्करी करून राह्यलो. मग त्यानं सगळ्याइकडे पाहिलं. माझ्या टेबलावरचा कटर उचलून माझ्यासमोर धरला. "काप. काप अन् पाह्य. आतून पांढरी निंघाली तं माह्यं नाव बदल."

मी नाही कापली. म्हणलं, "मले कापायची गरज नाई. माह्या कानानं सांगतलं."

त्यानं कटर खाली घेतला. मग म्हणे, "तुह्या कानाचं मीबी तीस वर्षं ऐकलं, कारभारी." नव्या कॉइली टेबलावर ठेवल्या, कटर जागेवर ठेवला अन् गेला. चप्पल घालताना त्याचा एक पाय दोनदा चुकला.

नारायणराव म्हणे, "जवळच्याच माणसानं घात करावा ना! तुमी नव्या कॉइली आणा, मी थांबतो."

केलं ते बरोबरच केलं. दोस्ती दोस्तीच्या ठिकाणी, मालात खोट चालत नाही. तरी जेवण गेलं नाही.

६ एप्रिल

विहिरी तळाले गेल्या, मोटारी जळून राह्यल्या. दरवर्षी या दिवसात भागवतच्या ओट्यावर मोटाराइची रांग राहते, त्याले जेवायले फुरसत नसते. आज तिकडून गेलो तर ओटा झाडलेला. माणिकराव पाटील स्वतःची मोटार ट्रॉलीत टाकून नांदुऱ्याले नेत होते. मी विचारलं, काऊन? ते म्हणे, "तुमीच म्हणले ना तो ॲल्युमिनियम भरते म्हणून? तुमच्यावानी माणूस उगाच बोलन का?"

मी मोटारीबद्दल बोललो नव्हतो. कॉइलीबद्दल बोललो होतो. हे त्याइले सांगायले पाहिजे होतं. तोंडापर्यंत आलं होतं.

११ एप्रिल

अकोल्याहून दोन नवे ट्विटर अन् तयार कॉइली आणल्या, सगळ्यात महागाच्या. लावल्या. टाळ लावला. पाच.

आता काय म्हणावं? ह्याही खोट्या. इकडून ट्विटर खोटा, तिकडून कपॅसिटर खोटा, अकोल्याची कॉइल खोटी. अख्खं जग ॲल्युमिनियमचं झालं!

प्राची सुटीवर आली आहे. शेजारी बसून ऐकत होती. माझं मोजणं पाच वर थांबलं तेव्हा तिनं हात वर केला, थांबा म्हणून. हात वरच ठेवला. मग खाली केला. म्हणे, "बाबा, आता संपला." मी म्हणलं, तू मनानं मोजते.

१४ एप्रिल

प्राचीनं मोबाइलमधून शिट्टीवानी आवाज काढून दाखवले. पहिला ऐकू आला, दुसरा आला, मग ती बोटानं आकडा वाढवत गेली अन् मोबाइल बंद पडला. मी म्हणलं, बंद पडला तुझा मोबाइल. बारा हजाराचा घेतला, एवढासा स्पीकर दिला त्यात, दर्जा म्हणून काही राहिलाच नाही. आशा चुलीजवळून धावत आली कानावर हात ठेवून, म्हणे, "बंद कर वो माय ते, डोकं उठलं!"

प्राचीच्या डोळ्यात पाणी होतं. मोबाइलवरून बोललो म्हणून तिले राग आला असावा. बोलायले नको होतं, पोरगी पार्ट-टाइम काम करून घेऊन आली तो.

२७ एप्रिल

प्राचीनं मले न विचारता सेट खोलला. रेझिस्टर परत लावला, स्वतःच्या कानानं ऐकून जुळवला अन् नारायणरावले पाठवूनही दिला. मी आरडाओरडा केला. मले तर तो सेट घोंगडी पांघरल्यावानी वाटत होता.

संध्याकाळी नारायणरावचा फोन. आशानं घेतला अन् मले सांगितलं. सेट लय सुंदर, सोजराबाई दोन तास बसून राह्यल्या. सहाही सेटची ऑर्डर पक्की. अन् म्हणे, "त्या माणसाले काढलं ते चांगलं केलं. फरक लगेच दिसला."

आशा हे सांगताना हासत नव्हती.

९ मे

दोघींनी मिळून खामगावले कानाच्या डॉक्टरकडे नेलं. काचेच्या खोलीत बसवलं, कानाले हेडफोन, हातात बटन. आवाज आला की दाबायचं. मी डॉक्टरले विचारलं, हेडफोन कोणत्या कंपनीचे आहेत, याची एक बाजू गेलेली दिसते. डॉक्टर म्हणे, "काका, हेडफोन कालच तपासले." मग त्यानं तेच हेडफोन प्राचीले लावले अन् काचेतून मले दिसलं, पोरगी बटन दाबत होती, दाबत होती, दाबतच होती.

कागदावर रेघ काढून दिली. डावीकडून सरळ येते अन् मग विहिरीत उतरल्यावानी खाली जाते. दोन्ही कान. डॉक्टर म्हणे मोठ्या आवाजात काम केलं असेल, वयही आहे, तीन-चार वर्षांपासून उतरत असेल. गेलेलं परत येत नाही. मशीन लावा म्हणे.

एसटीत मी खिडकीशी बसलो. आशानं माझा हात धरला होता, वीस वर्षांत धरला नसेल असा.

१० मे

शटर अर्धं ओढलं. भागवतनं त्या दिवशी टेबलावर ठेवलेल्या कॉइली काढल्या. अन् नारायणरावच्या सेटमधून काढलेल्या दोन. चारही कापल्या.

लाल. आरपार लाल. चारही.

मग एक पूर्ण उलगडली अन् वेढे मोजले. सांगितले होते तेवढे, वर दोन जास्त. तो नेहमी दोन जास्त द्यायचा, हे मले आज कळलं. अठ्ठावीस वर्षांत मी त्याची एकही कॉइल उलगडून पाहिली नव्हती, कारण गरजच पडली नव्हती.

मी चार माणसाइसमोर त्याले चोर म्हणलो. कापून पाह्य म्हणला तो. दोन मिनिटांचं काम होतं.

उद्या सकाळी उठून त्याच्या घरी जातो. पाय धरतो.

१७ मे

गेलो नाही.

खरं लिहितो, इथं खोटं लिहून काय करू. भागवतकडे जाऊन एकट्याले सांगणं सोपं आहे, तो माफही करेल. पण त्यानं त्याच्या ओट्यावर मोटारी परत नाही येणार. त्यासाठी माणिकरावले सांगावं लागेल, नारायणरावले सांगावं लागेल, चौकात सांगावं लागेल की कॉइल चांगली होती, कान खराब होता. अन् बहिऱ्या माणसानं बनवलेला सेट कोण घेईल? सहा सेट अर्धे झाले आहेत. प्राची ऐकून जुळवते, मी जोडतो. सहा जाऊ द्यावे, मग सांगावं, असं वाटते.

आशाले हे म्हणलं. ती म्हणे, "तवर ते काय खातीन?" मी म्हणलं, दोन महिन्याची तर गोष्ट आहे. ती म्हणे, "तुमाले ऐकू नाई येत हे मले मंजूर हाये. हे मंजूर नाई."

मशीन घेतलं नाही. कानाले मशीन लावून दुकानात बसलो की तशी पाटीच लावल्यासारखं होईल.

४ जून

बाजारात भागवत समोरून आला. दाढी वाढलेली, सदरा खांद्यावर ढिला झालेला. मी थांबलो. तो थांबला नाही, पण जाताना काहीतरी बोलला. मी "काय म्हणलं?" असं विचारलं नाही. घरी येऊन लय वेळ विचार केला, शिवी दिली असेल का? शिवी दिली असेल तर बरं.

प्राची सांगत होती, त्यानं वायंडिंगचं मशीन भंगारवाल्याले दिलं. ज्या मशीनच्या आकड्याच्या काट्यावर तो वेढे मोजायचा, ते.

२१ जून

चार सेट गेले. नारायणरावच्या जावयानं तर दोन्ही हातानं उचलून वजन पाहिलं अन् म्हणे, "याले म्हणतात माल!" सगळे खूश. मी हासलो. माझं हासणं मलेच कसंतरी वाटलं.

२९ जून

भागवत घरून गेला. परवा सकाळी बायकोले, जयमाला वहिनीले म्हणला नांदुऱ्याले जातो, तार आणतो. मशीन विकलेला माणूस तार कायले आणेल? पण त्या म्हणे मले खुळीले सुचलं नाही. मोबाइल घरीच ठेवून गेला. कालही नाही आला, आजही नाही. पोलिसात लिहून दिलं आहे.

मी त्यांच्या घरी गेलो. जयमाला वहिनी भिंतीले टेकून बसल्या होत्या. बाया होत्या चार-पाच. मले पाहून त्याइनं पदर सारखा केला, "बसा भाऊजी" म्हणल्या. एवढंच. मी बसलो. सांगायचं तेच घेऊन गेलो होतो, पण बाया होत्या. मग उठलो.

बाया नसत्या तरी मी उठलोच असतो. हे लिहायले दहा मिनिटं लागली.

१५ जुलै

सकाळी दहाच्या सुमारास माझ्या मोबाइलवर फोन आला. नंबर ओळखीचा नव्हता. आशा दुकानात होती, तिनं उचलला. तिचा चेहरा एकदम बदलला. "भागवतभाऊजी! कोठी हायेत तुमी? थांबा, थांबा, वहिनीले आणतो!" पण त्यानं मलेच मागितलं असावं, कारण तिनं फोन माझ्या हातात कोंबला अन् उघड्या पायानं जयमाला वहिनीकडे धावली.

भागवतचाच आवाज होता. आवाज कळत होता, चढणं-उतरणं कळत होतं. शब्द एकही नाही. मागं माणसाइचा गलका अन् गाडीचा भोंगा. मी म्हणलं, "भागवत, कोठी हायेस बे?" तो बोलला. मी म्हणलं, "आँ? जोरानं बोल!" तो परत बोलला, जोरानं. शब्द नाही आले. तिसऱ्यांदा विचारायची लाज वाटली मले. त्याच्यासमोर अजूनही लाज वाटली.

मग तो बोलतच राहिला. थांबला की मी होकारात "हाव" म्हणायचो. परत बोलायचा, परत थांबायचा. "हाव." मले सांगायचं होतं, तुझी कॉइल लाल निघाली, दोन वेढे जास्त निघाले. त्याच्या बोलण्याले फट सापडेना. शेवटी त्याचा आवाज वर गेला, प्रश्न विचारतात तसा, अन् तो थांबला. मी म्हणलं, "हाव." तो तसंच परत बोलला. मी म्हणलं, "हाव बे, हाव."  मग फोन बंद.

जयमाला वहिनी आल्या तेव्हा धापा टाकत होत्या. "काय म्हणले? कोठी हायेत?"

आशा दारात उभी होती. माझ्याकडे पाहत होती.

मी सांगितलं. सगळं सांगितलं, शेजारचा टायरवाला अन् माणिकराव उभे होते त्याइच्यासमोर. मले ऐकू येत नाही. तीन वर्षांपासून येत नसेल. नऊ मेपासून मले माहीत आहे. कॉइल चांगली होती, मी कापून पाहिली, आरपार तांबं. तो काय बोलला ते मले एक अक्षर ऐकू आलं नाही.

  आशानं तो नंबर परत लावला. भुसावळ स्टेशनाबाहेरचा चहावाला होता. एका माणसानं फोन मागितला, बोलला, पैसे देऊन गेला. कोणत्या गाडीत बसला ते माहीत नाही म्हणे.

जयमाला वहिनी मले म्हणे, "ऐकू नवतं येत, तं तुमी हाव कायले म्हणले?"

१९ जुलै

माणिकराव अन् टायरवाला मिळून पोलिसाइबरोबर भुसावळले जाऊन आले. पत्ता नाही.

प्राचीनं नारायणरावले फोन लावून दिला, मी सगळं बोललो. ते काय म्हणले ते तिनं सांगितलं. म्हणे, "सेट तं झकास वाजून राह्यले. गेलेल्या माणसासाठी तुमी उगाच सोतावर घेऊन राह्यले, मन मोठं हाये तुमचं." मी पुन्हा बोललो, ओरडून बोललो. प्राची म्हणे, त्याइनं फोन ठेवला बाबा.

२३ जुलै

जयमाला वहिनी रोज सकाळी दुकानात येऊन बसतात. आज आठवा दिवस. आशा चहा देते, त्या घेत नाहीत.

रोज तेच. "आवाज कसा होता तो?" मी सांगतो, आधी खाली होता, मग वर गेला, मग थांबला. त्या मले तसं गुणगुणून दाखवायले लावतात. शब्द नाही, नुसता चढ-उतार. मग त्या त्यात शब्द बसवून पाहतात. माझ्या तोंडासमोर तोंड आणून, सावकाश, मले कळावं असं.

आज म्हणल्या, "'मी घरी येऊ का', असं असन?"

मी म्हणलं, "असन वहिनी."

"का मंग, 'मी चाल्लो, जयमालाकडे पाहशीन ना', असं असन?"

मी म्हणलं, "तेही तसंच जाते."

"तुमी हाव म्हणले."

"हाव."

"दोनदा म्हणले."

"हाव."

त्याइनं रस्त्याकडे पाहिलं. भुसावळकडून येणारी एसटी थांबली, दोन बाया उतरल्या, एसटी गेली. मग म्हणल्या, "भुसावळ काई लांब नाई. येऊ का म्हणून विचारलं असतं, अन् तुमी हाव म्हणले असते, तं आठ दिवसात आलेच असते ना ते." माझ्याकडे पाहिलं. मले कळलं की नाही ते पाहत होत्या. मग पदर खोचला अन् घरी गेल्या.